शांताक्कांचा थरथरणारा कॅमेरा

अन्याय झाला तो वडगावच्या शांताक्कांवर. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, बेळगावातल्या एका चकचकीत मोबाईल शोरूममध्ये. फोनचा कॅमेरा हलतोय म्हणून त्या दाखवायला गेल्या होत्या. काउंटरवरच्या पोरानं फोन हातातसुद्धा घेतला नाही.

"मॉडेल जुनं झालं, आक्का. आत्ता एक्सचेंज करा. न्हाईतर संक्रांतीला नवीन येतंय, तवर थांबा."

फोन दीड वर्षाचा. आमच्याकडं दीड वर्षात लोणच्यालाही कोणी जुनं म्हणत नाही.

तिथून आक्का थेट माझ्याकडं आल्या. मी शहापुरात मोबाईल रिपेअर करतो आणि उरलेल्या वेळात 'आधी दुरुस्ती, मग खरेदी' अशी पत्रकं छापून वाटतो. आक्का आणि त्यांचे मालक घरीच दोन पॉवरलूमवर साड्या विणतात. लहानपणी मी त्यांच्या दारात क्रिकेट खेळायचो. त्यामुळं माझ्याशी बोलताना त्या काही राखून बोलत नाहीत.

"पव्या, घेऊ का थांबू, तेवढंच सांग. पत्रक वाचून दाखवू नगंस. परवा भाजीवालीनं तुझ्याच पत्रकात मिरच्या बांधून दिल्या मला."

"म्हंजे वाचलं तर खरं."

"वाचलं की. पटलं बी. पन पटून फोटु निघत न्हाय."

अडचण साधी नव्हती. टिळकवाडीतल्या एक शिक्षिका मुलीच्या लग्नातल्या साड्या आक्कांकडून घेणार होत्या. पसंती सगळी व्हॉट्सॲपवर. आणि फोटोत साडीचे काठ असे दिसायचे, जणू साडीलाच हुडहुडी भरली आहे. नव्या फोनला पैसे होते, पण ते लग्नसराईच्या सुतासाठी ठेवलेले.

"फोन घेतला तर सूत न्हाय," आक्का म्हणाल्या. "न्हाय घेतला तर गिऱ्हाईक न्हाय. आनि संक्रांतीपत्तर थांबलो तर लगीन थांबतंय व्हय?"

मी फोन तपासला. बॅटरी चांगली. कंपनीचे अपडेट अजून येत होते. पुढचा कॅमेरा ठणठणीत. मागचा कॅमेरा सुरू केला की मात्र कानाला बारीक घरघर ऐकू यायची. हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत भिंग घट्ट बसवलेलं नसतं. ते बारीक स्प्रिंगवर तरंगतं. आपला हात हलला की ते उलट बाजूला सरकतं आणि फोटो सावरतं. आम्ही त्याला ओआयएस म्हणतो. ते बिघडलं की हात स्थिर असला तरी भिंग एकटंच नाचत बसतं.

म्हणजे बिघाड एका भागाचा आणि शोरूम म्हणतं, सगळा फोन टाका. मी कॅमेरा बदलला. काठ स्वच्छ दिसायला लागले. नवरीच्या साड्या पसंत झाल्या. माझी कॉलर ताठ.

पंधरवडा गेला आणि आक्कांचा फोन आला. "पव्या, परत हलालाय बघ. आज मॅडमना विहीणबाईंची साडी दाखवायची हाय, मागावरच."

मागावरच, म्हणजे विणताना, व्हिडिओ कॉलवर. साडी बाहेरून आणलेली नाही, इथंच विणली जातेय, हे गिऱ्हाइकानं स्वतः बघायचं. आता हीच वडगावची रीत झाली आहे.

मी भडकलो. पार्ट देणाऱ्याला झापलं, दुसरा पार्ट खिशात टाकला. कंपनीविरुद्धच्या पत्रकाचा मथळा वडगावला पोचेपर्यंत मनात तयार होता.

आक्कांच्या घरात माग सुरू होते. तिथं बोलायचं म्हणजे कानाशी तोंड न्यावं लागतं. मी आत पाऊल टाकलं आणि मला फोन दिसला. मागाच्या लोखंडी चौकटीला, रंगीत सुतानं, छान गाठ मारून बांधलेला.

"ह्यो हितं कशाला?" मी ओरडलो.

"रिंग ऐकू येतीया व्हय ह्या आवाजात? डोळ्यासमोर असला की उजेड दिसतोय, मग माग थांबवून उचलतो."

मी चौकटीवर तळहात ठेवला. माझे दात वाजायला लागले. स्प्रिंगवरचं ते भिंग रोज दिवसभर हे सोसत होतं. कंपनीच्या भिंगानं दीड वर्ष काढलं, माझ्या बदली पार्टनं पंधरवडा. यापूर्वीचा त्यांचा स्वस्तातला फोन इथंच बांधून पाच वर्षं टिकला, कारण त्यात तरंगणारं काही नव्हतंच.

मी कारण सांगितलं. आक्कांनी गाठ सोडून फोन हातात घेतला. मग म्हणाल्या, "दिसभर हालवलं तर मानूस बी नीट बघनार न्हाय. मग आता कुठं ठिवू?"

समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला कापडी पिशवी लावली. फोनमध्ये एक सेटिंग असतं, कॉल आला की फ्लॅश चमकतो. ते चालू केलं आणि फ्लॅश पिशवीबाहेर राहील असा फोन ठेवला. कॅमेरा पुन्हा बदलला, यावेळी मजुरी नको म्हणालो, तर आक्कांनी डबाभर भडंग हातात कोंबला. पहिला कॉल चमकला तेव्हा दुसऱ्या मागावरून त्यांचे मालक म्हणाले, "फोटोग्राफर आला जनू. केस नीट कर गं."

कॉल मॅडमचाच होता. विहीणबाईंची साडी त्यांनी मागावर बघितली आणि पसंत केली. सुतासाठी ठेवलेले पैसे सुतातच गेले.

मथळा मी खोडला. पण शोरूमला जाऊन त्या पोराला विचारलंच, "कॅमेरा का हलतोय, बघितलंस तरी का?"

"बघायला कोन सांगतंय आमास्नी? इकायला सांगत्यात." मग तो हळूच म्हणाला, "माझा बी हलालाय. मी पन संक्रांतीची वाट बघालोय."

बाहेर त्याची बाईक होती. हँडलवर मोबाईल होल्डर. इंजिनचा प्रत्येक हादरा थेट भिंगाला. होल्डर मी तिथंच काढायला लावला. कॅमेरा बदलायला तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला, शोरूमचा शर्ट घरी ठेवून.

संक्रांतीला नवं मॉडेल येऊ दे, तेही कुणाच्या तरी हँडलवर नाहीतर मागावरच बसणार आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. घेऊ का थांबू, हे नंतर. आधी फोन काउंटरवर ठेवा आणि समोरच्याला म्हणा, काय बिघडलंय आणि कशानं, ते दाखव. त्यानं दाखवेपर्यंत पाकीट बाहेर काढू नका.