पायऱ्यांवरचे फोटो

ताईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली. सुई, दोरा, खळ, पुठ्ठा; बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांच्या हातची शिवण उसवली असं कुणी ऐकलं नव्हतं. मधुमेहाने उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, तेव्हा मालकाने घरी बसायला सांगितलं. "शिवण काय मी पायाने घालते?" असं त्याच्या तोंडावर विचारून ताई तिसऱ्या महिन्यात कुबड्या घेऊन कामावर हजर.

म्हणून धाकट्या बहिणीने राजधानीच्या सहलीचा विषय काढला, तेव्हा "झेपेल का?" असं कुणी विचारायच्या आत ताईंची बॅग भरून झाली होती. राष्ट्रीय स्मारकं रात्री, दिव्यांच्या उजेडात बघायची असा बेत होता. पहिली दोन सपाटीवर होती. तिसरं, लढाईत पडलेल्या सैनिकांचं, उंच चौथऱ्यावर. बहात्तर पायऱ्या, आणि लिफ्टवर पाटी: 'रात्री बंद'.

"तुम्ही बसा इथे बाकावर," रखवालदार म्हणाला. "वरचे फोटो ही बरोबरची मंडळी दाखवतील की."

"फोटोच बघायचे तर घरी काय वाईट होतं?"

ताईंनी कुबड्या बहिणीकडे दिल्या, पहिल्या पायरीवर बसकण मारली आणि हातांवर भार देत उलट्या चढायला लागल्या. एक पायरी, दम, पुढची पायरी. येणारे-जाणारे थबकले. बहिणीच्या नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, पुरे आता. लोक बघतायत!"

"बघू देत. बघायलाच आलेत ना ते!"

बहिणीने कुबड्या काखेत मारल्या आणि फोटो काढत राहिली. वर पोचायला पाऊण तास लागला. तळहात सोलवटले, कपड्यांची पार वाट लागली. पण भिंतीवर कोरलेली नावं ताईंनी दिवे मालवेपर्यंत वाचली. काही मोठ्याने वाचली.

घरी आल्यावर त्यांनी चिकटवहीसाठी जाड कागद कापले, शिवले, पुठ्ठा चढवला. फोटो छापून आणायचं काम मेहुण्याकडे होतं. पाकीट उघडलं तर कमानी होत्या, कारंजी होती, पुतळे होते. पायऱ्यांचा एकही फोटो नव्हता.

"ते बरे नाही दिसत, ताई," तो खाली बघत म्हणाला. "उद्या चारचौघांनी वही चाळली तर? तुमच्यासाठीच वगळले."

"वही माझी, बूड माझं, पायऱ्या देशाच्या. यात तुमचं काय गेलं?"

बहीण फस्सकन हसली. मेहुणा उठून गेला, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने अकरा फोटो टेबलावर आणून ठेवले.

वही मध्यावर सगळ्यात सपाट उघडते, हे ताईंना कुणी शिकवायला नको होतं. अकराच्या अकरा तिथेच लागले. एका फोटोच्या कडेला मेहुणा तोंड फिरवून उभा होता. बहिणीने कात्री उचलली.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "होता ना तोही तिथे? मग दिसू दे."

त्यातल्या दोन फोटोंच्या प्रती जोडून त्यांनी स्मारकाच्या कार्यालयाला पत्र धाडलं: लिफ्ट रात्री का बंद? दीड महिन्याने उत्तर आलं. लिफ्ट नियमानुसार सहापर्यंतच चालते, आपल्या सूचनेबद्दल आभार.

ताईंनी ते पत्र पुढच्या पानावर चिकटवलं, कडा बोटाने दाबून घेतल्या आणि दुसरं लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं: 'मी सूचना केली नव्हती, प्रश्न विचारला होता.'