करीमचाचांचा मेथीचा वाफा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडून आधी करीमचाचांचं नाव निघतं. माझ्या आईवडिलांनाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. जालन्यात नदीकडच्या गल्लीत चाचांचा कापड रंगवायचा छोटा कारखाना होता. मागच्या महिन्यात चाचींचा फोन आला तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत, जिथे मी नोकरी करतो, पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. “बेटा, तेरे चाचा गये,” एवढंच त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पलीकडून नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला… मी पोचलो तोवर दफन आटोपलं होतं. अंगणातल्या दोरीवर फिक्या डाळिंबी रंगाच्या ओढण्या तशाच वाळत होत्या. त्या कुणी काढल्या नव्हत्या.

आमचं घर अंकुशनगरचं. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. जालन्याच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं, पण राहायचं कुठे हे ठरलं नव्हतं. वडील कुणाच्या तरी ओळखीनं मला चाचांकडे घेऊन आले. चाचांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, “वरची खोली रिकामीच हाये. पोराला नाकाचा त्रास न्हाई ना? मंग राहू द्या.” कारखान्याच्या भट्टीवरची ती खोली. खालून उकळत्या रंगांचा कडवट वास वर यायचा आणि माझ्या वह्यांनाही लागायचा. त्याच खोलीत मी पदवीधर झालो. नाव माझं बाळासाहेब, पण चाचा पहिल्या दिवसापासून मला ‘बीएस्सी’ म्हणायचे, तेही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. “ए बीएस्सी, चहा थंडा होऊन राह्यला!” माणूस बढाईखोर होता. आपल्यासारखा पक्का रंग हैदराबादपर्यंत कुणी देत नाही, हे ते रोज सांगायचे आणि चाची रोज म्हणायच्या, “हैदराबाद को बोलो के आ के देखे.”

मी शेवटच्या वर्षाला असताना त्यांचे जुने गिऱ्हाईक भवरलालजी, कापड बाजारातले मारवाडी व्यापारी, एक बातमी घेऊन आले. मोठ्या शहरात आता झाडापाल्याच्या रंगाला मागणी आहे, केमिकल नको म्हणतात. चाचांना तर हे आयतंच मिळालं. त्यांच्या अब्बांच्या वेळी डाळिंबाच्या साली, मंजिष्ठा, कात यांचेच रंग असायचे. चाचांनी दारावर ‘कुदरती रंग’ अशी पाटी लावली. शेजारी सोपानमामांचा भाजीचा मळा होता आणि उन्हाळ्यात त्यांचं बोअर आटायचं. चाचा आपण होऊन त्यांना म्हणाले, “सोपान, आता आपलं पाणी म्हंजे काढा हाये काढा. घे बिनधास्त मळ्यात.” सोपानमामांनी घेतलं. कुदरती म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

पण झाडाचा रंग कापडावर आपोआप टिकत नाही. त्याला धरून ठेवायला काहीतरी घालावं लागतं. फिटकरीनं, म्हणजे तुरटीनं, रंग धरतो, पण फिका. गडद आणि पक्का हवा म्हणून चाचा अब्बांच्याच पद्धतीनं मोरचूद घालत होते, आणि मोरचूद म्हणजे तांबं. रंग झाडाचा होता खरा, पण नालीतून तांबं वाहत होतं. काही आठवड्यांत सोपानमामांची मेथी पिवळी पडली, मग तिची वाढच खुंटली. उपटली तर मुळं आखूड आणि तपकिरी. मामा बियाण्याला दोष देत होते. चाचा मात्र एका सकाळी बाटलीत नालीचं पाणी भरून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, “बीएस्सी, तुझ्या कॉलेजात हे बघ. मला वाटून राह्यलं का हे माझंच काम हाये.” मी पाणी तपासलं. त्यांचंच काम होतं.

त्या दिवशी चाचांनी जे केलं ते करायची ताकद माझ्यात नाही, हे मला आता कळतं. चौकातल्या हॉटेलसमोर चारचौघांत ते सोपानमामांपुढे उभे राहिले. “तुझी मेथी मी मारली. बियाणं बराबर होतं.” मामा तोंडातला चहा गिळायचंही विसरले. मग म्हणाले, “चाचा, हे घरी सांगायचं होतं ना. इथं कशाला?” चाचा म्हणाले, “काढा हाये काढा, हे इथंच सांगितल्तं.”

मोरचूद बंद झालं, आणि सोपानमामांनी पाणी घेणंही. फिटकरीवर रंग फिके यायला लागले. भवरलालजींनी पहिला गठ्ठा परत पाठवला आणि स्वतः येऊन म्हणाले, “चाचा, नवा माल आहे का कुणाचा वापरलेला?” पक्क्या रंगाची बढाई मारणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल! पण चाचा म्हणाले, “शेठजी, फिका हाये, पण कुणाच्या भाजीवर चढून आलेला न्हाई.” त्यांनी अंगणात तीन हौद बांधले. फिटकरीचं पाणी फेकायचं नाही, पुन्हा पुन्हा वापरायचं. धुण्याचं पाणी चुन्यानं निवळायचं, वाळूतून गाळायचं, तळाचा गाळ पिंपात बंद ठेवायचा. मी या सगळ्यात काय केलं? बाटल्या तपासल्या, तेवढंच. आणि शेवटच्या हौदाच्या तोंडाशी, जुन्या नालीच्या जागेवर, चाचांनी मेथीचा वाफा केला. गाळलेलं पाणी आधी त्या वाफ्याला. पानं पिवळी दिसली की भट्टी बंद. हिरवी राहिली की ती भाजी त्यांच्याच घरात शिजायची. चाची चिडायच्या, “मेथी, मेथी! घर में और कुछ नहीं उगता?” चाचा म्हणायचे, “मी खाल्ली न्हाई तर सोपान का म्हणून खाईल?”

आमची शेवटची भेट या हिवाळ्यातली. चाचांना ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं. फोनचा उपयोग नव्हता, म्हणून मी अधूनमधून पत्र लिहायचो आणि चाचांना वाचता येत नसल्यानं कुणीतरी ते त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचायचं. मी निघालो तेव्हा त्यांनी वाफ्यातून एक जुडी उपटली, माती झटकली, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. “आईला दे. म्हणावं, बीएस्सीनं पास केलेली मेथी हाये.” मी हसून मान हलवली. मी पाणी तपासलं होतं. त्या जागेची माती मी कधी तपासली नव्हती, पाला तर नाहीच. मातीत जुनं तांबं उरलं असेल तर… हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण बहिऱ्या माणसाला ते ओरडून सांगावं लागलं असतं आणि दारात सोपानमामा उभे होते. घरी अंकुशनगरला जाताना वडीगोद्रीला एसटीतून उतरलो. रसवंतीच्या मागं कचऱ्याचा ढीग होता. मी ती जुडी कागदासकट तिथे ठेवली. फेकली असं म्हणवत नाही, पण फेकलीच.

गेल्या आठवड्यात गल्लीत शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, “चाचांच्या हातून पाणी बिघडलं होतं, पण आपल्या गल्लीत शिकलेल्या बीएस्सीनं ते सुधारलं.” लोकांनी मला शाल दिली. मी माईक हातात घेऊन सांगितलं, की हे माझं नाही, सगळं चाचांनी केलं. तर टाळ्या आणखी वाढल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “बघा, केवढा शिकला पण नम्रपणा गेला न्हाई.” हौदांवर पाटी लावणार आहेत, तीत मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाकायचं ठरतंय. चाचांचं नाव बिघडवणाऱ्यात आणि माझं सुधारणाऱ्यात… हा लेख मी मुख्यतः त्यासाठीच लिहितो आहे. ते नाव लागू नये.

सभेनंतर चाची मला आत घेऊन गेल्या. खिडकीत चाचांचा चष्मा होता आणि त्याखाली माझं पत्र. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. चाची म्हणाल्या, “हर आनेवाले से पढ़वाते थे. सोपानभाई ने ये सुना, तब जा के फिर से पानी लिया.” मागच्या दारातून वाफा दिसत होता. नुकतंच पाणी दिलेलं, माती काळी, पानं हिरवीगार. मी चाचींकडून थोडा पाला आणि वाफ्यातली माती मागून घेतली आणि आमच्या प्रयोगशाळेत तपासली. दोन्ही ठीक निघाली. चाचांचं खरं होतं. ते कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं.

ते पत्र असं आहे.

“आदरणीय करीमचाचा यांस सलाम. मी सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेली मेथी आईनं त्याच संध्याकाळी लसूण घालून केली. बाबांनी दोनदा मागून घेतली. आई म्हणाली, इतकी कोवळी मेथी अंबडच्या बाजारातसुद्धा मिळत नाही. मी पोटभर खाल्ली. सोपानमामांना सांगा, काही काळजी करू नका. चाचींना सलाम. तुमचाच, बीएस्सी.”