परत आलेली सहा पाकिटं

आरोग्यमंत्र्यांचं उत्तर गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटं होतं.

"नदीपलीकडील सात वस्त्यांवर सात आरोग्य उपकेंद्रे सुरू झाली असून तेथे दररोज रुग्णतपासणी होते. सबब फिरत्या दवाखान्याची आवश्यकता उरलेली नाही. तो येत्या एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे."

काकूने ते चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि माझ्या आईला म्हणाली, "ताई, तुमच्या दाराशी दवाखाना आलाय म्हणे. सरकारला दिसतोय, आपल्यालाच दिसत नाही."

"डोळे तपासून घे मग," आई म्हणाली. "फिरता दवाखाना आहे तोवर. महिनाअखेरपर्यंत तपासतील."

आई हसत होती, पण भ्यायली होती. तिला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. आमच्या वस्तीवर वीज येते ती पाहुण्यासारखी, न सांगता येते आणि चहा व्हायच्या आत जाते. फिरत्या दवाखान्याच्या गाडीत बॅटरीवर चालणारा फ्रीज आहे. दर मंगळवारी नर्सबाई त्यातून आठवड्यापुरतं औषध देतात, ते आई ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवते. गाडी बंद म्हणजे एकतीस किलोमीटरवरचं इस्पितळ, त्यातले अकरा किलोमीटर पायी. आईचा डावा पाय आधीच सुन्न असतो.

काकू आमदार आहे, ते उत्तर तिच्याच प्रश्नावरचं. त्याआधी बावीस वर्षं ती टपालवाली होती, एकोणीस वस्त्या पायी फिरायची. दोन पुढाऱ्यांच्या भांडणात तिसरीच निवडून आली, असं शहाणे लोक सांगतात. त्या शहाण्यांनी कधी कुणाच्या उंबऱ्यावर बसून त्याच्या मुलाचं पत्र त्याला वाचून दाखवलेलं नाही. लोक अजूनही तिला टपालबाईच म्हणतात, सभागृहातही मागच्या बाकांवरून तीच हाक येते, फक्त तिथे ती टोमणा म्हणून मारतात.

मंत्र्यांचं टोपणनाव 'अंशतः'. प्रश्न कुठलाही असो, ते उठून "हे अंशतः खरे आहे" म्हणतात आणि बसतात. अंगावर इस्त्रीचे कपडे, डोक्यात इस्त्रीची उत्तरं. स्वतःच्या खात्याची एकही इमारत त्यांनी फीत कापल्यानंतर पुन्हा पाहिलेली नाही. मी प्रेक्षकांच्या सज्जातून त्यांना तीन दिवस ऐकलं. आमच्या कारखान्यात यंत्र इतकं पोकळ वाजायला लागलं की आम्ही ते उघडून बघतो. इथे त्याला हार घालतात.

आमच्या दवाखान्याचा विषय सभागृहात आला त्या दिवशी काकूने भाषण केलं नाही. तिने एकच उपप्रश्न विचारला.

"या सात उपकेंद्रांचे पूर्ण पत्ते मिळतील का?"

मंत्र्यांनी सभागृहाकडे बघून हात पसरले. "बाईंना पत्ते हवेत! जुनी सवय. देऊ की, पिनकोडसकट देऊ."

सगळे हसले. चौथ्या दिवशी सात पत्ते टाईप होऊन आले. गावाचं नाव, वस्ती, जवळची खूण, पिनकोड. ज्या कारकुनाने ते लिहिले त्याला बिचाऱ्याला वाटलंच नसेल की पत्त्यावर कुणी काही पाठवेल.

काकूने सात पाकिटं आणली आणि सातही पत्रं स्वतःच्या हाताने लिहिली. मजकूर एकच: "माझ्या जाऊबाईंना इन्सुलिन हवं आहे. आपल्या केंद्रात ते कोणत्या वेळी मिळेल?" सातही रजिस्टर केली, पोचपावतीसकट.

बारा दिवसांत सहा परत आली. पाठीवर आताच्या टपालवाल्याचे शेरे होते. "या पत्त्यावर संस्था नाही." "फलक आहे, इमारत नाही." एकावर नुसतं "चौथरा".

सातवं पाकीट आलं नाही. त्याची पोचपावती आली, सहीसकट.

काकूने ती पावती उजेडात धरली आणि तशीच चपला घालून निघाली. टपालवाला पोस्टाच्या ओट्यावर सायकलला हवा भरत होता. टपालाचं काम त्याला काकूनेच शिकवलेलं.

"हे काय केलंस रे?"

तो उभा राहिला. "बाई, रागावू नका. तुम्हीच सांगायचात ना, पत्र परत गेलं की टपालवाल्याची अब्रू गेली. सहा परत केली तेव्हाच जीव खाली-वर होत होता. त्यातून तुमचं पत्र! सातव्याला हातच धजेना."

"म्हणून कुणालाही दिलंस?"

"कुणालाही नाही हो. पत्त्यावर म्हशीवाले आजोबा होते. म्हणाले, इथं मीच असतो, आण इकडं. सही केली त्यांनी."

"आणि पत्र?"

"गोठ्याच्या आढ्यात खोचलंय. सरकारी आहे, जपून ठेवतो म्हणाले."

काकू ओट्यावर बसली. एक पोचपावती म्हणजे एक उपकेंद्र खरं. एक खरं निघालं की मंत्री बाकीच्या सहांना 'बांधकाम सुरू' म्हणून मोकळे होणार आणि गाडी बंद होणार, हे तिला बसल्या जागी दिसत होतं.

टपालवाला हळूच म्हणाला, "बाई, सहाच दाखवा. सातव्याचं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की. तो सात थापा मारतो म्हणून त्याची मानगूट धरायची आणि मी एक पावती पदराखाली लपवायची? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला, नुसता मोटारीचा?"

"मग आता?"

"आता तुझं डोकं नीट असतं तर फार बरं झालं असतं. हवा भर, चाक बसलंय बघ."

एक तारखेच्या चार दिवस आधी काकू सभागृहात उभी राहिली. तिने सहा पाकिटं आणि एक पोचपावती, सातही गोष्टी अध्यक्षांसमोर ठेवल्या. काहीच न लपवता.

मंत्र्यांना ती पावती दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. सहा पाकिटांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पावती दोन बोटांत धरून त्यांनी ती सभागृहाला दाखवली, जणू काही लॉटरी लागली होती.

"अध्यक्ष महोदय, बाई आमच्यावर आरोप करायला आल्या आणि पुरावा आमच्याच बाजूचा घेऊन आल्या! ही बघा केंद्राची सही. बाकीच्या सहांची टपालखात्याने नीट चौकशी केलेली दिसत नाही. बाईंच्या जुन्या खात्याची शिस्त आता राहिली नाही, दुसरं काय!"

बाकं वाजली.

"सही वाचून दाखवा," काकू म्हणाली.

"अं?"

"केंद्राची सही आहे ना? वाचा. डॉक्टरांचं नाव सांगा."

मंत्र्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा. मागे बसलेल्या सचिवांनी मान लांब केली आणि परत आत घेतली.

"एक आडवी रेघ आणि खाली दोन टिंबं," काकू म्हणाली. "ही सही मी बावीस वर्षं घेतली आहे, दर महिन्याला, पेन्शनच्या मनिऑर्डरवर. हे आजोबा म्हशी पाळतात. तुमच्या उपकेंद्राचा नुसता चौथरा झालाय, त्यावर म्हशी बांधतात. पावसात पाय कोरडे राहतात त्यांचे, तेवढा उपयोग झाला. आता दररोज तपासणी कुणाची होते ते सांगा. म्हशींची होत असेल तर ते खातं वेगळं आहे."

सभागृह हसलं. मंत्र्यांच्याच बाकांवरचे लोक सगळ्यात मोठ्याने हसले. मालक घसरला की हसण्यात नोकर पुढे असतात.

"माहिती मागवून सांगतो."

"माहिती तुमच्या हातात आहे. एक तारखेला गाडी येणार की नाही, तेवढंच सांगा."

"अंशतः…"

अध्यक्ष बहुतेक वेळा डोळे मिटून असतात. त्यांनी ते उघडले. "मंत्रीमहोदय, गाडी अंशतः कशी येईल? होय की नाही?"

"होय," मंत्री म्हणाले. दाढ उपटल्यासारखा चेहरा झाला होता.

एक तारीख मंगळवारचीच होती. गाडी आली. तिच्या अख्ख्या उजव्या बाजूवर मंत्र्यांचा हात जोडलेला फोटो चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या सेवेत, नव्याने'. लाजेला रंग लावला की ती जाहिरात होते, हे मला नवीन नव्हतं. पण नर्सबाई रडकुंडीला आल्या होत्या. फ्रीजचा आकडा आठच्या आत हवा, तो पंधरावर गेला होता आणि चढतच होता. मी गाडीभोवती फिरलो तर फ्रीजची हवा बाहेर जायची जाळी फोटोखाली गाडली गेलेली. बरोबर मंत्र्यांच्या तोंडाखाली.

"कात्री आहे का गं?" काकूने विचारलं.

नर्सबाईंनी बँडेज कापायची कात्री दिली. काकूने चारही बाजूंनी व्यवस्थित कापून तेवढा चौकोन काढला, घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मंत्र्यांच्या तोंडातून गरम हवा बाहेर यायला लागली.

"सरकारी मालमत्ता आहे हो बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"अंशतः," काकू म्हणाली, आणि आईच्या मागे रांगेत जाऊन उभी राहिली.

तासाभराने आकडा पाचवर आला. नर्सबाईंनी आईचा नंबर पुकारला.