उंदरांची काळी पूड

आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवर आमचं शेत होतं. निजामाचं राज्य होतं; हिंगोलीच्या शाळेत मी उर्दू शिकलो आणि सातवीनंतर घरी परतलो. पटवारी सोडला तर गावात उर्दू वाचणारा मी एकटाच. त्याचा मला ताठा होता.

त्या साली उंदीर ज्वारी हाती लागू देईनात. वडील बिळांत धूर करीत, पाणी ओतीत. उंदीर दुसऱ्या तोंडाने पसार होत. मी हिंगोलीच्या बाजारातून नवं औषध आणलं. डब्यात काळी पूड, लसणासारखा उग्र वास, सोबत उर्दूत छापलेला कागद. ज्वारीच्या भरड्यात गूळ, तेल आणि पूड कालवून गोळ्या करायच्या, बिळाशी ठेवायच्या. शेवटी दोन ओळी होत्या: उरलेल्या गोळ्या रोज सकाळी वेचून पुराव्यात, कुत्री-मांजरं शेतात सोडू नयेत.

दुसऱ्याच दिवशी बांधाबांधाला मेलेले उंदीर दिसू लागले. गाव बघायला आलं. कधी कौतुक न करणारे वडीलही चारचौघांत म्हणाले की, पोराची शाळा कामी आली. मी घरोघर पूड वाटली, गोळ्या कशा करायच्या ते दाखवलं. त्या दोन ओळी मात्र कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. विसरलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं तर धोका कळला तर लोक पूड घेणार नाहीत, अशी मला भीती वाटली होती.

मी स्वतः चार दिवस गोळ्या वेचल्या. मग कंटाळलो; गोळ्या ठेवत राहिलो, वेचणं सोडलं.

काढणीनंतर नेहमीचं मेंढपाळ जोडपं आलं. खतासाठी आमच्या रानात त्यांचा कळप बसायचा. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. विहिरीजवळच्या बांधाला बाभळीचं दाट कुंपण होतं, त्याच्या आडोशाला ते उतरत. राखणीला एक काळी कुत्री. लांडगा तिच्या आवाजाला भीत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्री विहिरीपाशी पाय ताठ करून पडलेली दिसली. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन ताक पाजायला बघत होते. ते तोंडातून बाहेरच येत होतं. जवळ गेलो आणि मला तो लसणाचा वास आला.

"मालक, काहून झालं हे?" मामांनी विचारलं. "काल सांजंला तं बराबर होती."

"पान लागलं असंल, मामा," मी म्हणालो. "ह्या बांधावर नाग हाय."

त्यांनी विश्वास ठेवला. कुत्रीला स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून पुरलं. मग मेंढ्यांना नाग डसेल म्हणून दुपारीच कळप हलवला, पलीकडे ओढ्याकाठच्या उघड्या माळावर. तिथे ना कुंपण, ना आता कुत्री. मी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. मी त्यांच्या वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळ्याच्या, मेखा उपटू लागलो, ओझं उचलून दिलं.

दोन दिवसांनी सकाळी मामी धावत आमच्या दारात आल्या. लांडग्यांनी कळप फोडला होता. अंधारात त्यांच्यामागे पळताना मामा ओढ्याच्या दगडांवर पडले, गुडघा फुटला. आम्ही त्यांना बैलगाडीतून घरी आणलं. पाय कधीच नीट झाला नाही. कळपामागे चालणं संपलं, तेव्हा उरलेल्या मेंढ्या विकून दोघं वाशीमकडे निघून गेली.

गावातली मांजरं त्या उन्हाळ्यात एकेक करून मेली. विहिरीवरच्या पिंपळात घुबडांची जोडी होती, तीही दिसेना. पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट झाले. लोक पुन्हा पूड मागायला आले. डबा मी कधीच पुरला होता, पण कारण सांगितलं नाही. संपली, एवढंच म्हणालो.

पुढे रझाकारांच्या धामधुमीत आम्हीही गाव सोडलं. कनेरगाव नाक्यापलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर गेलो आणि वाशीमच्या बाजूला एका आमराईत राहिलो. तिथे मामी भेटल्या. लोकर कातून पोट भरत होत्या. मामा वर्षापूर्वी गेले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पूड, कागद, नाग.

त्यांचा हात थांबला नाही. लोकर कातता कातताच म्हणाल्या, "तवाच सांगितलं असतं तं आमी जागा बदलली नसती."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आन् कुत्रीला?" त्यांनी विचारलं. "तिला लई तकलीफ झाली असंल?"

"व्हय, मामी."

त्यांनी सूत गुंडाळलं, पदराने तोंड पुसलं आणि पाण्याला निघून गेल्या. आम्ही तिथे आणखी दोन महिने होतो. त्या रोज दिसायच्या. माझ्याशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत, आणि मीही ओळख दाखवायचं धाडस केलं नाही.