निळ्या सुताची गाठ

मी नाव घेत नाई त्याईचं. गाव तुळशीराम डायव्हर म्हनते. आमच्या घरधन्यानं पिंपळगाव राजाच्या वामनराव देशमुखाची मोटर अठरा वर्सं चालवली. चालवली काय, लेकरावानी सांभाळली! दोघं लहानपनी एका ताटात जेवलेले. "तुळश्या, तू माहा भाऊच व्हय," असं वामनराव चारचौघात म्हनत, आन हे फुगून जात. मले तवाही ते पटत नव्हतं.

वैशाखात मोटर म्हंजे भट्टीच. म्हून याईनं खिडकीले वाळ्याची ताटी बसवली, तिच्यावर पानी ठिबकवाले छिद्राचा पत्र्याचा डबा. मोटर पळाली का ओल्या वाळ्यातून गार वारा आत. पन लय नखऱ्याचं काम! आमच्या खाऱ्या पान्यानं छिद्रं बुजत, तर हे चिंच लावून घासत. वाळ्यात माती बसली का वाराच अडते, म्हून दर साली नवी ताटी. तिचा कोपरा निळ्या सुतानं बांधत. ती गाठ दुसऱ्या कोनाले जमत नव्हती.

त्या दिवशी वामनरावाच्या मायले, मनकर्णाबाईले, खामगावच्या दवाखान्यात न्यायचं होतं. संगं सून. याईनं सकाळीच नवी ताटी भिजवली, धुळीसाठी वर वारा जाईन असं विरळ गोनपाट टाकलं, आन भाकर खायाले घरी आले. परत जाऊन गोनपाट न उचलताच मोटर काढली.

वाटेत गार वारा येईच ना. दोनदा मोटर थांबवली. डबा भरलेला, छिद्रं मोकळी, पानी गळून राह्यलं, मंग वारा काऊन नाई? खामगाव येईस्तोवर म्हातारी बेसुद झाली. तिले आत नेल्यावर याईनं गोनपाट उचललं. खाली गेल्या सालची ताटी, मातीनं गच्च! पानी नुसतं वरून वघळत होतं. कोन्या गड्याची चूक असन, असं समजून हे गप राह्यले. भोळा मानूस!

तिसऱ्या दिवशी म्हातारीले घरी आनलं. बैठकीत निजवतानी याईची नजर खिडकीवर गेली. नवी ताटी तिथं. निळी गाठ!

दारात गाव जमलं होतं. वामनराव सगळ्याईच्या देखत वरडले, "पानी टाकाले काय झालतं बे तुले? माही माय मारतं का?"

याईनं गाठीकडं बोट केलं. तसे वामनराव कानाशी आले, "तहसीलदार येनार होते रे त्या दिवशी. बैठकीसाठी ताटी मीच काढली. भाऊ ना तू? चूक घे तुह्यावर."

मी असती तर ताटी उपटून अंगनात फेकली असती!

म्हातारीनं डोये उघडले. "पाह्य तुळशीराम, माह्या वामननं कशी गार हवा केली मले. तू काऊन पानी टाकाचं विसरला, बाप्पा?"

"हाव माय, विसरलो."

मोटरीची चावी तिथंच ठेवून हे घरी आले. चुलीपाशी बसून लहान लेकरावानी रडले.

"तानू, अठरा वर्सांत एक दिवस पानी विसरलो नाई वं मी."