चोवीस शेअर, तीन वाटे

घणसोली गावात गोटीरामकाकांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. काका पंचाहत्तरीचे. संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला जातो, ते रंगांच्या कारखान्यापर्यंत. गेटवर वामन वॉचमन असतो. काका दिसले की तो आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवतो.

"या मालक. बघून घ्या, काल होता तेवढाच आहे कारखाना."

"भिंतीला रंग मार जरा. रंगाची कंपनी हाय, लाज वाटते."

ही थट्टा होती, आणि नव्हतीही. कारखाना उभा आहे तिथे काकांचं भाताचं शेत होतं. जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. पुढे कंपनीने कामगारांना थोडे शेअर दिले. बाकीच्यांनी ते विकले. कोणी पंखा आणला, कोणी सायकल. काकांनी ठेवले. चोवीस होते.

"जमीन गेली, पन त्यातला इतकासा आपला हाय," ते बोटाचं पेर दाखवून म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी काकांनी हयातीतच वाटणी केली. गावातली वडीलधारी माणसं ओट्यावर बसवली. कुंदन आणि विपुल हे मुलगे, नमिता मुलगी. हक्क सोडल्याची मुलीची सही घेऊन तिला मोकळं करायची इथली रीत. काकांनी ती मोडली, तिलाही सारखा वाटा दिला. खोल्या वाटल्या. शेअरही तिघांच्या नावावर केले, आठ, आठ, आठ.

"मी डोले मिटल्यावर भांडायचा नाय," ते म्हणाले.

चूल मात्र एकच राहिली. कळंबोलीहून नमिता आली की तिचंही ताट त्याच स्वयंपाकघरात.

मागच्या वर्षी कंपनीने रंगांचा कारखाना वेगळा काढला. त्याची नवी कंपनी होणार होती. जुन्या भागधारकांचे शेअर तसेच राहणार, शिवाय दहा शेअरमागे नव्या कंपनीचा एक आपोआप मिळणार. काका खूश झाले. जुन्या कंपनीत औषधं होती, गुजरातेतली गोदामं होती. नव्या कंपनीत फक्त हा कारखाना. म्हणजे फक्त त्यांचं शेत.

"चोवीसचे दोन येतील," कुंदन म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. घर एक, शेअर चोवीस. त्या घरात कोणी वेगळं मोजत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी जुन्या शेअरचा भाव एकदम खाली आला. विपुल घाबरला. "गंडवला आपल्याला." मी कंपनीचं पत्र वाचून सांगितलं, कारखाना बाहेर पडला तशी त्याची किंमतही बाहेर पडली. ती नव्या शेअरमध्ये येईल.

"बरोबर हाय," काका म्हणाले. "वाटनी झाली की मूळ घर लहान दिसतंच."

नवे शेअर बाकीच्या भागधारकांच्या खात्यात आले. या तिघांकडे आले नाहीत. प्रत्येकाच्या बँकेत थोडे पैसे जमा झाले. कुंदनने कंपनीच्या चौकशीच्या नंबरावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडची मुलगी नम्र होती. आठ शेअरवर पूर्ण एक शेअर होत नाही, ती म्हणाली. सगळ्यांचे असे अपुरे तुकडे एकत्र करून विकले. हे पैसे त्याचे.

"मग आम्ही तिघांचे एकत्र करून देतो ना, मॅडम."

"त्या तारखेला ज्याच्या नावावर जेवढे, तेवढेच धरतात, सर."

काका पुढे वाकले. "सगले माज्या नावावर असते तर?"

"तर दोन आले असते, सर."

फोन बंद झाल्यावर कुंदन म्हणाला, "बाबा, तुमची चूक नाय."

"कोनाची हाय मंग?"

कुंदनने फोन खिशात टाकला.

मी म्हणालो, "काका, बाजारात मिळतो तो शेअर. एक विकत घेऊ."

"तो कोनीपन घेईल. माजा असता तो शेतातून आलेला."

संध्याकाळी नेहमीसारखे निघालो. गेटवर नव्या नावाची पाटी लागली होती. भिंत ताजी निळी होती. वामनने खुर्ची पुढे केली.

"या मालक. बघा, मारला रंग शेवटी."

काकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसले नाहीत.

"सांग त्याला," ते मला म्हणाले.

वामन माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "या नव्या कंपनीचा एकही शेअर घरात आला नाही."