ओमांच्या गावची पाटी

मराठी माणूस गडावर गेला की आधी पाटी वाचतो, मग तिच्यातली चूक काढून अगदी सुरुवातीपासून समजावतो आणि मगच पिठलं-भाकरी खातो. माझ्या नवऱ्याने हा संस्कार नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला येऊनही सोडलेला नाही. वर लेकीलाही दिलाय. माझ्याकडे देण्यासारखी फक्त काळजी. ती मात्र भरपूर.

शेजारच्या डच आजी, म्हणजे आमच्या ओमा, एका रविवारी आम्हाला ग्रोनिंगनजवळ त्यांच्या माहेरच्या गावी घेऊन गेल्या. रस्त्याकडेला नवी पाटी लागली होती. त्यांच्या पणजोबांचा भाऊ बायकामुलांसह अमेरिकेत जाऊन वसला, त्याची हकिगत. मजकूर खुद्द ओमांचा. नवऱ्याने खणखणीत आवाजात डच वाचायला घेतलं, "डकोटाच्या रिकाम्या माळावर त्यांनी पहिलं घर बांधलं..."

"पण डकोटा हे तर तिथल्या मूळच्या माणसांचं नाव आहे," लेक डचमध्ये म्हणाली. "ती तिथेच राहायची ना? मग माळ रिकामा कसा?"

"बरोब्बर!" नवरा मराठीत.

"तू गप रे," मी त्याला कोपराने ढोसलं. "सिंहगड आहे का हा?"

ओमांनी पाटीच्या कोपऱ्यावरचा चिखल रुमालाने पुसला आणि गाडीत जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर रेडिओ तेवढा बोलत होता.

मला काळजी बुधवारची. बुधवारी शाळा लवकर सुटते. अगदी लहान होती तेव्हापासून लेक त्या दिवशी ओमांकडे जेवते, पत्ते खेळते, पत्त्यांत लबाडी करायला शिकते. या देशात तिला आजी म्हणायला तेवढीच एक. आणि आम्ही, कालपरवा इथे आलेली माणसं, ओमांच्या पणजोबांच्या भावाच्या पाटीत चूक काढून मोकळे!

ओमांचा केकचा डबा आमच्याकडेच होता. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं तरी मला कळतं. शिरा केला. तो करपला. पुन्हा केला.

"सॉरीचा शिरा?" लेकीने विचारलं. "बट आय वॉज राइट, आई."

"होतीस गं. म्हणून तर शिरा करावा लागला."

बुधवारी मीही तिच्यासोबत गेले. ओमांनी दार उघडलं, डबा घेतला, झाकण काढून बोटभर शिरा चाखला.

"आम्हाला शाळेत तसंच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "रिकामा माळ. मी कधी विचारलंच नाही." मग लेकीला, "आत ये. ते वाक्य बदलायचंय, तू सांग. पण छोटं हवं. पाटीवर जागा कमी आहे."

लेक बूट भिरकावून आत पळाली. मला कुणी बोलावलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, दार ओढून घ्यायला कडीला हात लावेपर्यंत. छोटं वाक्य? आणि या बापाच्या लेकीकडून?

आतून तिचा आवाज आलाच, "म्हणजे ओमा, अगदी सुरुवातीपासून सांगायचं तर..."